कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं गेलंय? वसुलीच्या फोनला उत्तर देण्याआधी हे वाचा

थकलेल्या कर्जाबद्दल अनोळखी कंपनीचा फोन आला की बहुतेक लोक दोनपैकी एक करतात. घाबरून हाताशी असेल तेवढी रक्कम भरून टाकतात, नाहीतर नंबर ब्लॉक करून गप्प बसतात. दोन्ही महागात पडतं. पहिल्यात पैसे भलत्याच माणसाच्या खिशात जाऊ शकतात, दुसऱ्यात कोर्टाचं समन्स न उघडता कपाटावर पडून राहतं. मधला रस्ता आहे: समोरच्याला आधी सगळं कागदावर दाखवायला लावा, तोवर रुपया देऊ नका आणि कुठेही सही करू नका.

हा लेख कर्ज बुडवण्यासाठी नाही. घेतलेले पैसे परत करावेत असं बहुतेक थकबाकीदारांना मनापासून वाटत असतं. नोकरी जाते, घरात मोठं आजारपण येतं, धंदा बसतो आणि हप्ते तुटतात. पण देणं लागतो म्हणून कुणीही यावं, वाटेल तो आकडा सांगावा आणि घरच्यांना वाटेल ते बोलावं, याला आपला कायदा परवानगी देत नाही. नियम आहेत आणि चांगले आहेत. ते माहीत नसल्यामुळे लोक दागिने मोडतात, ॲपवरून आणखी महाग कर्ज काढतात. ते थांबावं एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

कर्ज विकतात म्हणजे नेमकं काय होतं

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत) खातं होतं. अशी खाती बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) पुष्कळदा गठ्ठ्याने विकतात. घेणारी संस्था बहुधा असेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे एआरसी असते, कधी दुसरी बँक किंवा एनबीएफसी असते. एआरसी २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा कायदा) चालतात आणि त्यांना रिझर्व्ह बँकेची नोंदणी लागते. विक्रीसाठी कर्जदाराची वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. त्यामुळे "मला न विचारता विकलंच कसं?" यावर भांडण्यात वेळ घालवू नका.

भांडायचं असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधलं कलम १३२ लक्षात ठेवा. येणं विकत घेणाऱ्याला ते त्यावरच्या सगळ्या हरकतींसकट मिळतं. तुम्ही भरलेले चार हप्ते बँकेने जमा दाखवले नसतील, विमा न मागता गळ्यात मारला असेल, व्याज करारापेक्षा जास्त लावलं असेल, तर बँकेपुढे जी हरकत घेता आली असती ती आता नव्या कंपनीपुढेही घेता येते. "ते जुन्या बँकेचं मॅटर आहे, आम्हाला काही सांगू नका" हे उत्तर चालत नाही. तसंच, विक्रीची सूचना तुम्हाला मिळण्याआधी जुन्या बँकेत भरलेले पैसेही हिशोबात धरावेच लागतात.

आणखी दोन गोष्टी. अशी कर्जं बहुतेक वेळा येणे रकमेपेक्षा बऱ्याच कमी किमतीला विकली जातात, म्हणून घेणाऱ्या कंपनीकडे तडजोडीला जागा असते. आणि सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, 'रिटन ऑफ' दिसलं म्हणजे कर्ज माफ झालं असं नाही. बँकेने स्वतःच्या ताळेबंदात ते तोट्यात टाकलेलं असतं, तुमच्याकडचं येणं तसंच राहतं.

दारात किंवा फोनवर असलेला माणूस मात्र कर्जाचा मालक जवळजवळ कधीच नसतो. तो वसुली एजन्सीचा असतो. एजन्सी बँकेने नेमलेली असेल किंवा एआरसीने. तिसरी शक्यता अशी की त्याला कुणीच नेमलेलं नाही, कुठून तरी फुटलेली यादी त्याच्या हाती लागली आहे.

पहिली पायरी: फोनवर कमी बोला

पहिल्या फोनचं काम एकच, माहिती घेणं. देणं नाही. आवाज चढवू नका, रडकुंडीला येऊ नका, घरची परिस्थिती सांगत बसू नका. वही-पेन घेऊन एवढंच विचारा:

"तुमचं पूर्ण नाव काय? कोणत्या एजन्सीतून बोलताय? कर्ज बँकेकडेच आहे की विकलं गेलंय? कुणी घेतलं, कोणत्या तारखेला? लोन खात्याचा नंबर सांगा. आता हे सगळं कंपनीच्या ईमेलवरून किंवा पत्राने पाठवा. कागद पाहिल्याशिवाय मी रकमेबद्दल बोलणार नाही."

समोरचा म्हणेल, "कागद कसले मागता, पैसे घेतले तेव्हा कागद मागितले होते का?" उत्तर तेच ठेवा: "लेखी पाठवा." तीनदा म्हणावं लागलं तर तीनदा म्हणा. मग तारीख, वेळ, नंबर आणि काय बोलणं झालं ते लिहून ठेवा. फोनमध्ये रेकॉर्डिंगची सोय असेल तर चालू ठेवा, पुढे तक्रारीत त्याचा फार उपयोग होतो.

फोनवर काही गोष्टी तोंडातून जाऊ देऊ नका. "हो, मान्य आहे, पुढच्या महिन्यात देतो" हे वाक्य सगळ्यात धोक्याचं, कारण तेच पुन्हा मेसेजमध्ये लिहून घेण्याचा प्रयत्न होतो. आधार, पॅन, ओटीपी, ऑफिसचा पत्ता, नातेवाइकांचे नंबर देऊ नका. पाठवलेल्या लिंकवर किंवा क्यूआर कोडवर पैसे भरू नका. तुमचं नाव, जुना पत्ता आणि कर्जाची रक्कम त्याला माहीत आहे म्हणून तो खरा ठरत नाही, ही माहिती बाजारात सहज फिरते.

माणूस थेट घरी आला तर दारातच ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ही दोन्ही एजंटकडे असायलाच हवीत. त्यांचा फोटो काढा. नसतील तर शांतपणे दार लावा. त्याला आत घेण्याचं कोणतंही बंधन तुमच्यावर नाही.

दुसरी पायरी: मालक कोण, याची खातरजमा

तीन ठिकाणी पडताळणी करा. आधी मूळ बँक: शाखेत जा किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवर लिहा, "माझं अमुक खातं कुणाला, कोणत्या तारखेला हस्तांतरित केलं ते लेखी कळवा." मग रिझर्व्ह बँकेचं संकेतस्थळ: नोंदणीकृत एआरसींची यादी तिथे आहे, पत्रावरचं नाव त्यात अक्षर न् अक्षर जुळतं का पाहा. नामवंत कंपनीच्या नावात एखादा शब्द इकडेतिकडे करून फसवणारे असतात.

तिसरं ठिकाण क्रेडिट रिपोर्ट. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. कर्ज कुणाच्या नावावर आहे, शेवटचा हप्ता कधी भरला, किती थकलं, हे त्यात दिसतं. एकच कर्ज जुन्या बँकेच्या आणि नव्या कंपनीच्या अशा दोन नावांनी थकीत दिसत असेल तर ती चूक आहे. दुरुस्तीचा अर्ज करा. अर्ज केल्यापासून ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

तिसरी पायरी: कागद मागवणारं पत्र

पत्र साधं असावं. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. मजकूर असा चालेल:

"विषय: कर्ज खाते क्रमांक ____ संबंधी कागदपत्रांची मागणी. आपल्या प्रतिनिधीने दिनांक ____ रोजी वरील खात्याची थकबाकी मागितली. सदर मागणी मी मान्य केलेली नाही. कृपया पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात: माझी सही असलेला कर्ज करार, कर्ज दिल्यापासून आजपर्यंतचे संपूर्ण खाते विवरण, कर्ज आपल्याकडे हस्तांतरित झाल्याचा, माझ्या खात्याचा उल्लेख असलेला दस्त, मुद्दल, व्याज आणि आकार (चार्जेस) यांची वेगवेगळी फोड, आपण नेमलेल्या वसुली एजन्सीचे नाव व अधिकारपत्र, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व पत्ता. हे पत्र कर्जाची अथवा रकमेची कबुली समजू नये. माझे सर्व हक्क राखून ठेवत आहे. यापुढील सर्व व्यवहार लेखी करावा."

शेवटून तिसरं वाक्य, कबुली समजू नये हे, कधीही गाळू नका. त्याचं कारण मुदतीबद्दल लिहिताना येईल.

चौथी पायरी: आकडा सोलून बघा

विवरण आलं की एक संध्याकाळ काढा आणि ते स्वतःच्या बँक पासबुकाशेजारी ठेवा. प्रत्येक भरलेला हप्ता समोरच्या कागदावर सापडतो का, त्यावर खूण करत जा. मग मुद्दल किती उरलं ते वेगळं काढा. पुष्कळदा मुद्दल मागणीच्या निम्मंही नसतं, बाकीचं व्याज आणि आकार यांनी फुगलेलं असतं. १ एप्रिल २०२४ पासून दंड-व्याज लावायला मनाई आहे. दंडात्मक आकार लावता येतो, पण तो करारात लिहिलेला आणि वाजवी हवा, आणि त्या आकारावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. 'लीगल चार्जेस', 'व्हिजिट चार्जेस' अशा नावाने काही जोडलं असेल तर करारातलं कलम दाखवायला सांगा.

पाचवी पायरी: कर्ज मुदतबाह्य तर झालं नाही ना?

जुनी कर्जं विकली जातात तेव्हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी माहीत असलेला मुद्दा हा आहे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे पैशाच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे ३ वर्षांत दाखल करावा लागतो. वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, ग्राहकोपयोगी वस्तूंवरचं कर्ज, यांना हीच मुदत. घर किंवा जमीन गहाण असेल तर त्या तारणावर १२ वर्षांपर्यंत दावा करता येतो. नेमकी कोणत्या तारखेपासून मोजायचं ते करार आणि बँकेने पूर्ण कर्ज परत मागितल्याची नोटीस यावर ठरतं, म्हणून तारखा वकिलाला दाखवा.

आता सापळा कसा लागतो ते बघा. मुदत संपण्याआधी तुम्ही सहीनिशी लेखी कबुली दिली, तर कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून ३ वर्षं पुन्हा सुरू होतात. चेकने थोडी रक्कम भरली तरी कलम १९ खाली तसंच होऊ शकतं. आणि मुदत उलटून गेल्यावर "मी एवढे पैसे देईन" असं सहीचं वचन दिलं, तर भारतीय करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा, बंधनकारक करार होतो. म्हणजे सहा वर्षं जुन्या, कोर्टात न टिकणाऱ्या कर्जात एका कागदाने पुन्हा जीव येतो. "फक्त पाचशे रुपये टाका, म्हणजे केस थांबवतो" किंवा "हा फॉर्म नुसता रेकॉर्डसाठी आहे, सही करा" असं कुणी म्हणालं की हे आठवा.

मुदत उलटली म्हणजे देणं नाहीसं झालं असं नाही. कंपनी पैसे मागू शकते आणि सिबिलवर नोंद राहू शकते. फक्त कोर्टाच्या मार्गाने वसूल करता येत नाही. तरीही दावा लागलाच तर हजर राहून मुदतीचा मुद्दा मांडा. घरी बसून राहू नका.

एजंटची हद्द कुठे संपते

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आणि ते बँका, एनबीएफसी आणि एआरसी या सगळ्यांना लागू केलं. थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जांना तर सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढीच वेळ. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, कुटुंबीय, मित्र किंवा संदर्भ म्हणून दिलेल्या माणसांच्या खासगी आयुष्यात घुसणं, सोशल मीडियावर किंवा मोबाइलवर अश्लाघ्य मेसेज, नाव न सांगता केलेले फोन, एकामागून एक फोनचा मारा, खोटी माहिती देणं, हे सगळं निषिद्ध आहे. आणि एजंटने केलेल्या गोष्टींची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या संस्थेवर असते. "तो बाहेरच्या एजन्सीचा होता" म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. वसुलीसाठी गुंड वापरण्याच्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कडक ताशेरे ओढले आहेत.

कर्जाच्या कागदावर ज्यांची सही नाही, ते देणं लागत नाहीत. बायको, भाऊ, सासरे, ऑफिसातला सहकारी, कुणीही नाही. सहकर्जदार आणि जामीनदार मात्र लागतात, जामीनदाराकडे तर थेट मागणी करता येते, म्हणून त्यांना अंधारात ठेवू नका. कर्जदार वारला असेल तर वारसांवर देणं येतं ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. नवरा गेल्यावर पंधरवड्यात त्याच्या बायकोला "आता तुम्हीच भरा" म्हणून फोन करणारे एजंट असतात, आणि ती बिचारी स्वतःच्या पगारातून हप्ते भरायला लागते. अशी कुणी ओळखीत असेल तर तिला हे आवर्जून सांगा.

अटकेची धमकी सर्रास दिली जाते. कर्ज न फेडता येणं ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेलं 'वॉरंट' खोटं समजा आणि तपासा. अपवाद दोन: कर्ज घेताना फसवणूक केली असेल, किंवा दिलेला चेक वटला नसेल. चेकच्या प्रकरणात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवस हातात असतात. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्यामुळे परत गेला तरी तशाच स्वरूपाची कारवाई होऊ शकते.

नोटीस आली तर आधी ती कसली आहे ते ओळखा

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. तरी तिला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि वरच्या पत्रातलेच कागद पुन्हा मागा. लोकअदालतीचं बोलावणं आलं तर ते तडजोडीसाठी असतं. तिथे आकडा पटला नाही तर "नाही" म्हणून उठता येतं, न गेल्याने गुन्हा होत नाही. पण तिथे सही केली की निवाडा पक्का होतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून घाईत सही नको.

कोर्टाचं समन्स आलं तर सगळी कामं बाजूला ठेवा. ते खरं आहे का हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा वेगळा क्रमांक) टाकून पाहता येतं. समरी, म्हणजे झटपट चालणारा दावा असेल तर हजेरी नोंदवायला फक्त १० दिवस असतात. साध्या दाव्यात लेखी कैफियतीला, म्हणजे दाव्याला द्यायच्या उत्तराला, ३० दिवस, फार तर ९०. हजर राहिला नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमची बाजू न ऐकता वसुलीचा आदेश होतो, आणि मग कंपनीने कुठले कागद लावले होते, आकडा बरोबर होता का, मुदत उलटली होती का, हे विचारणारं कुणी उरत नाही. एकतर्फी हुकूम झाल्याचं कळलं तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. हुकूमनाम्यानंतरही सगळं जप्त होत नाही. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग, भविष्य निर्वाह निधी, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं यांना संरक्षण आहे.

लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर वाद मिटवायला नेमलेल्या पंचाची, नोटीस लोकांना सगळ्यात जास्त चकवते. वैयक्तिक कर्जाच्या करारात लवादाचं कलम बारीक अक्षरात असतं आणि नोटीस एखाद्या दूरच्या शहरातून येते. कंपनीने एकटीने, तुमच्या संमतीविना लवाद नेमला असेल तर पहिल्याच उत्तरात लेखी हरकत घ्या. अशा एकतर्फी नेमणुका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने अमान्य ठरवल्या आहेत. दुर्लक्ष केलंत तर लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो, आणि त्याला आव्हान द्यायला ३ महिनेच मिळतात.

घर किंवा दुकान तारण असेल तर सरफेसीची नोटीस येईल. तारण नसलेल्या कर्जाला सरफेसी लागूच होत नाही, त्यामुळे क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी "घर सील करू" ही धमकी पोकळ आहे. तारण असेल तर कलम १३(२) च्या नोटिशीनंतर ६० दिवस मिळतात. त्या काळात लेखी हरकत नक्की नोंदवा, तिला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं समोरच्यावर बंधनकारक आहे. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. शेतजमिनीवरचं तारण आणि मुद्दल-व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी थकबाकी राहिलेली कर्जं सरफेसीच्या बाहेर आहेत.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००.

तडजोड करायची असेल तर

कागद बरोबर आहेत, आकडा पटतो आणि देण्याची थोडीफार ताकद आहे, तर सेटलमेंट हा चांगला मार्ग आहे. एकरकमी द्यायची तयारी असेल तर सूट जास्त मिळते. पहिला आकडा तुम्ही सांगा, तो लेखी सांगा, आणि वर "हक्क राखून, केवळ तडजोडीसाठी" असं लिहा. मुदतबाह्य कर्जावर असा प्रस्तावसुद्धा वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नका. खर्च भागून जे उरतं त्यातूनच प्रस्ताव द्या. एक कर्ज मिटवायला दुसरं काढणं म्हणजे त्याच फोनांची पुन्हा तारीख ठरवणं.

पैसे देण्याआधी कंपनीच्या लेटरहेडवर सेटलमेंटचं पत्र हातात हवं. त्यात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायची तारीख, "यानंतर काही येणे राहणार नाही" हे वाक्य, दावे मागे घेण्याचं आश्वासन आणि सिबिलला काय कळवणार याचा उल्लेख असावा. पैसे फक्त पत्रात लिहिलेल्या, कंपनीच्या नावाच्या खात्यात. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाही, रोख तर नाहीच. सूट घेऊन मिटवलेलं खातं रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' दिसतं आणि पुढची काही वर्षं नवं कर्ज मिळताना आडवं येतं. पूर्ण भरलं तर 'क्लोज्ड' दिसतं. कुणी तोंडी 'क्लोज्ड' दाखवू म्हणालं तर ते पत्रात लिहून घ्या.

तक्रार कुठे आणि कोणत्या क्रमाने

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. फी नाही, वकील लागत नाही, मराठीतून बोलायला १४४४८ हा नंबर आहे. बँका आणि बऱ्याच एनबीएफसींच्या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातात. ज्या संस्था लोकपाल योजनेत येत नाहीत त्यांच्या तक्रारी त्याच पोर्टलवरून रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जातात, म्हणून "एआरसीची तक्रार कुठे करणार?" असा प्रश्न पडायचं कारण नाही. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त ठेवा: कुठल्या नंबरवरून, किती वाजता, काय शब्द वापरले.

धमकी किंवा खंडणीसारखी मागणी असेल तर थांबू नका, पोलीस ठाण्यात लेखी द्या. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आहे. फोटो विकृत करून पाठवले किंवा बनावट खात्यात पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगही खुला आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना तिथे फी नाही. मात्र सरफेसीच्या ताब्याला आव्हान न्यायाधिकरणातच द्यावं लागतं.

आणि हे फोन झेलता झेलता झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आज घरातल्या एका माणसाला सगळं सांगा आणि १४४१६ वर बोला. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. कर्जाचा प्रश्न कागदांवर सुटतो. त्याला वेळ लागतो, पण सुटतो.

पैसे भरून झाल्यावरची कामं

नो ड्यूज प्रमाणपत्र सही-शिक्क्यानिशी घ्या. दिलेले कोरे चेक परत मागा आणि आपोआप कपातीचा मँडेट (बँकेला दिलेली परवानगी) बँकेतून रद्द करा. मालमत्तेची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत आणि बोजा उतरायला हवा. कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, तो पत्रात उद्धृत करा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरची नोंद कमी झाली का ते स्वतः उतारा काढून बघा. दोनेक महिन्यांनी चारही कंपन्यांचे रिपोर्ट पुन्हा काढा. सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि ती टाकून देऊ नका, कारण मिटलेलं खातंही चुकून पुढच्या गठ्ठ्यात विकलं जाऊ शकतं आणि तेव्हा नो ड्यूजची प्रत पाठवली की तो विषय एका ईमेलमध्ये संपतो.